भिलार : समोरची खोली पुस्तकांची

(स्ट्रॉबेरीचे वाफे, सकाळचं धुकं)

पाचगणीहून महाबळेश्वरकडे निघालं की वाटेत भिलारचा फाटा लागतो. स्ट्रॉबेरीमुळे गाव आधीपासून माहितीतलं, स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजींचं हे गाव, आणि ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव.

(रंगवलेली भिंत, कॅमेरा हळूहळू दाराकडे)

ही भिंत जरा निवांत बघा. आत कुठली पुस्तकं आहेत ते बाहेरच्या चित्रावरूनच कळतं. सुरुवातीला अशी २५ ठिकाणं होती, घरं, मंदिर, शाळा सगळं धरून, आणि ती रंगवायला जवळपास ७५ चित्रकार गावात आले होते.

(आतली खोली)

आणि हे राहतं घर आहे बरं का! समोरच्या खोलीत काचेचं कपाट, टेबल, खुर्च्या, तुम्ही वाचत बसायचं आणि आत घरच्यांचा स्वयंपाक चालू. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी कविता, कुठे संतसाहित्य, कुठे चरित्रं-आत्मचरित्रं, इतिहास, विज्ञान, बालसाहित्य, दिवाळी अंकांनासुद्धा स्वतःची जागा, म्हणजे लायब्ररीचा एकेक विभाग बघायचा तर गल्लीतून चालत पुढच्या घरी जायचं. पहिल्याच टप्प्यात सुमारे १५ हजार पुस्तकं आली.

कल्पना वेल्समधल्या ‘हे-ऑन-वाय’ नावाच्या गावावरून सुचली. पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, आणि इथे येऊन फुकट वाचायचं, वाचून झालं की जागेवर ठेवायचं. पुस्तकं, कपाटं, खुर्च्या राज्य मराठी विकास संस्थेने दिल्या, जागा मात्र गावकऱ्यांनी दिली. महाबळेश्वरच्या इतक्या जवळ सीझनला एका खोलीचे किती पैसे होतात ते आपल्याला माहितीये, अशा ठिकाणी घरातली समोरची खोली पुस्तकांना द्यायची आणि येईल त्या अनोळखी माणसाला आत बसवायचं, हे केवढं मोठं काम आहे! शूटिंगभर आमच्या मनात हेच होतं. सरकारी योजना म्हणून याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं, पण दार उघडणारी माणसं या घरांतली आहेत.

पुढे वेरूळ, नवेगाव बांध, अंकलखोप आणि बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले इथेही पुस्तकांची गावं करायचं ठरलं.

(बालसाहित्याची खोली, जमिनीवर बसलेली मुलं)

आता थोडा वेळ आम्ही बोलत नाही. ही मुलं वाचतायत.