सुपातली विडी, उताऱ्यावरचे नाव

[दृश्य: कर्नाटकाच्या मराठी सीमाभागातले, बेळगाव जिल्ह्यातील निपाणी. एक गल्ली. सकाळ. उंबऱ्याशी बसलेल्या स्त्रीचे फक्त हात दिसतात.]

मांडीवर सूप आहे. सुपाच्या एका कडेला जर्दा, दुसऱ्या कडेला भिजवून मऊ केलेली तेंदूची पाने. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने तुकडा कापायचा, त्यावर चिमूटभर जर्दा पसरायचा, पान वळायचे, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि तोंड दुमडून बंद करायचे. हे हात मधूनमधून थांबतात, पण ते केवळ चुलीवरचे दूध पाहण्यासाठी किंवा पाळण्याला झोका देण्यासाठी. मजुरी हजार विड्यांवर ठरते. संध्याकाळी मोजणीच्या वेळी ज्या विड्या पसंत पडत नाहीत, त्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात, आणि त्यांच्यामागचे श्रम कोणत्याही हिशेबात येत नाहीत.

स्त्रीवादाने स्त्रियांना समता मिळवून दिली का, हा प्रश्न बहुधा सभागृहात विचारला जातो. तो आम्ही या उंबऱ्यावर आणला आहे, कारण आम्हांला केवळ पुरुषाच्या तुलनेत स्त्री कोठे उभी आहे एवढेच पाहायचे नाही. एका स्त्रीला मिळालेला हक्क दुसऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचतो की वाटेत कोठे अडतो, हे पाहायचे आहे.

[दृश्य: खानापूर तालुका. भाताची खाचरे. भांगलण, म्हणजे तण काढणे, चालू आहे.]

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने १९९४ या एकाच वर्षी केली. २००५ मध्ये ती देशभर लागू झाली. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही बाजूंच्या मराठी शेतकरी घरांत या कायद्याने खळबळ उडवली, आणि आजही उपनिबंधक कार्यालयाच्या बाकावर हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी भावाबरोबर आलेल्या बहिणी दिसतात. माहेर तुटू नये, सणावाराला दार उघडे राहावे, एवढ्यासाठी त्या आपला वाटा सोडून देतात. हे दुःख खरे आहे आणि स्त्रीचळवळीने त्याला वाचा फोडली, हे तिचे मोठे काम आहे.

पण त्याच शेतात वाकून भांगलण करणाऱ्या बायकांकडे पाहावे. त्यांपैकी अनेकींच्या वडिलांच्या नावावर एक गुंठाही नव्हता. सोडून देण्याइतका हक्कदेखील त्यांच्या वाट्याला आला नाही. ज्या दिवशी बहिणीचे नाव उताऱ्यावर चढते, त्या दिवशी ती भावाच्या बरोबरीला येते. आणि त्याच दिवशी ती या भांगलणाऱ्या बाईची मालकीण होते. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ मध्येच झाला, तरी गडीमाणसाचा पगार वेगळा आणि बाईमाणसाचा वेगळा, ही रीत या शिवारांतून अजून गेलेली नाही. आता ती मालकीण कोणता पगार देते, हा प्रश्न स्त्रीवादाने विचारायचा की कामगार चळवळीने? आमच्या मते तो स्त्रीवादाचाच प्रश्न आहे, आणि तो टाळला की बाकीचे सगळे अर्धे राहते.

असे टाळणे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० मध्ये झाली, पण दक्षिणेकडच्या राज्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्ष मतपेटीपर्यंत पोहोचण्यासाठी १९६५ च्या मतदान हक्क कायद्याची वाट पाहावी लागली. त्याहून बोलका आहे तो १९७६ मधील जनरल मोटर्सविरुद्धचा खटला. या कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. पुढे मंदी आली तेव्हा शेवटी आलेल्यांना आधी काढण्याच्या नियमाने त्याच बाहेर पडल्या. न्यायालयाने पाहिले की कंपनीत स्त्रिया आहेत, म्हणून स्त्रियांवर अन्याय नाही. वर्णभेदाची तक्रार त्याच कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या खटल्यात न्यावी, असे त्याने सुचवले. कंपनीने आधी घेतलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या, आणि कृष्णवर्णीय स्त्रीवरचा अन्याय एकत्र पाहायला कायद्याच्या चौकटीत जागाच नव्हती. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक स्त्रीने १९८९ मध्ये याच खटल्याचा आधार घेऊन दाखवले की दोन अन्याय जेथे एकमेकांना छेदतात, तेथे उभी असलेली बाई दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटते.

मराठीत मात्र हे १३० वर्षांहून अधिक आधी लिहिले गेले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ने छापला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्पर नसते, थंडीवारा आणि पाऊस त्यांना किती सोसावा लागत असेल, आणि बाळंतरोग झाला तर औषधाला पैसा कोठून यावा, असे ती विचारते. बाळंतपण हा सगळ्या स्त्रियांचा समान अनुभव मानला जातो. चौदा वर्षांच्या त्या मुलीने दाखवून दिले की छपराखालचे बाळंतपण आणि उघड्यावरचे बाळंतपण ही एकच गोष्ट नव्हे. आम्हांला हा निबंध पुनःपुन्हा वाचावासा वाटतो, कारण त्यात कोणताही सिद्धांत न मांडता सगळा प्रश्न आला आहे.

[दृश्य: बेळगाव शहर. कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला अंतर्गत तक्रार समितीचा फलक.]

हा फलक कोणाच्या वेदनेतून आला, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. राजस्थानातील भटेरी गावात भंवरीदेवी ही कुंभार समाजातील स्त्री सरकारी कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करत होती. बालविवाह रोखण्याचा तिने प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये गावातील वरच्या जातीच्या पुरुषांकडून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची तिची फिर्याद होती. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. मात्र तिच्या प्रकरणातून स्त्री संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात जी याचिका नेली, तिच्यामुळे १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. आज बँकेतील, महाविद्यालयातील, कारखान्याच्या कार्यालयातील स्त्री त्याच्या आधाराने तक्रार करू शकते, आणि हे फार मोलाचे आहे. पण ज्या शेताच्या बांधावर आणि गावच्या वाटेवर हा अन्याय झाला, तेथे असा फलक कोठे लावायचा? घरकामाला जाणाऱ्या बाईला तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, पण ती कोठे बसते हे आम्ही ज्यांना विचारले त्यांपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ मध्ये मिळाली, तीही दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. रजेवर असलेल्या बाईचे बाळ सांभाळायला जी मावशी येते, तिच्या बाळंतपणाला ही रजा नाही.

एवढ्यावरून स्त्रीवाद हा शिकल्यासवरल्या बायकांचा उद्योग आहे असे म्हणून मोकळे होणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा निपाणीतच आहे.

१९८१ मध्ये निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. गोळीबार झाला, माणसे मेली. ती आठवण सीमाभागात अजून ताजी आहे. त्याच काळात त्याच तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या हजारो बायका संघटित होत होत्या, आणि ही आठवण मात्र कमी जणांना आहे. दिवसभर तंबाखूची झोंबणारी धूळ उडत असे, डोळे आणि घसा जळत असे, पगार तुटपुंजा होता, आणि मुकादमाचे अंगचटीला येणे सोसावे लागे. पगार, कामाचे तास, शौचालय आणि अब्रू यांची मागणी त्यांनी एकाच वेळी केली, कारण त्यांच्या दिवसात या गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला; त्यात त्या बायका स्वतःच बोलतात.

[दृश्य: सौंदत्ती. यल्लम्माचा डोंगर. वाटेवर भंडारा, परड्या.]

दुसरे उदाहरण येथले. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला या डोंगरावर बांगड्या फुटत आल्या आणि लहान मुलींच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे ‘दर्शन’ बांधून त्यांना देवदासी म्हणून देवीला वाहिले जात आले. या मुली बहुतांशी दलित घरांतल्या असत. मुंबई इलाख्यात, ज्यात तेव्हा बेळगावही होते, देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये झाला, आणि कर्नाटकाचा प्रतिबंधक कायदा १९८२ मध्ये. सुधारकांनी बराच काळ याकडे धर्माची आणि नीतीची बाब म्हणून पाहिले. ज्यांच्या गळ्यात दर्शन होते, त्या बायकांची भाषा निराळी होती: पोट कशावर भरायचे, घर कोणाच्या नावावर, आणि शाळेच्या अर्जात बापाच्या रकान्यात काय लिहायचे. सीतव्वा जोडट्टी यांना लहानपणीच देवीला सोडण्यात आले होते. पुढे त्या बेळगाव जिल्ह्यातील माजी देवदासींच्या ‘मास’ या संस्थेच्या नेत्या झाल्या, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संस्थेच्या कामात समर्पण रोखणे आणि पुनर्वसन बरोबरीने चालले, कारण म्हैस किंवा कर्ज मिळाल्याशिवाय डोंगरावरून उतरलेली बाई जाणार कोठे, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

सीमाभागात आणखी एक गाठ आहे, ती भाषेची. अर्ज कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. शिकलेला मराठी माणूस कोणाला तरी विचारून वाचून घेतो, पण शाळा लवकर सुटलेल्या मराठी बाईला प्रत्येक कागदासाठी घरच्या पुरुषाचा किंवा दलालाचा हात धरावा लागतो. त्यामानाने जून २०२३ पासून सुरू झालेली शक्ती योजना सोपी ठरली. कर्नाटकातील स्त्रीने ओळखपत्र दाखवावे आणि शून्य रुपयांचे तिकीट घ्यावे. जमीन, जात, भाषा कोणी विचारत नाही. एकट्याने बाजाराला, दवाखान्याला, लेकीकडे जाणाऱ्या बायका वाढलेल्या दिसतात. अर्थात ज्या गावात बसच येत नाही, तेथे हे तिकीटही पोहोचत नाही, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात अशी गावे आहेत.

[दृश्य: खानापूर तालुक्यातील एक गाव. स्त्रियांच्या बचत संघाची बैठक.]

या संघात शेतकरी घरांतल्या मराठी बायका आहेत आणि दलितवस्तीतल्या कन्नड बोलणाऱ्याही आहेत. नोंदवही कन्नडमध्ये लागते, म्हणून ती वस्तीतली दहावी झालेली सून लिहिते. बैठक नेहमी पाटलांच्या सोप्यात होते, आणि ही सून उंबऱ्याच्या बाजूला बसून लिहिते. तिला आत बस असे सगळ्याच म्हणतात, असे आम्हांला सांगण्यात आले. गेल्या महिन्यात तिने सुचवले की एक बैठक आमच्याकडे समाजमंदिरात घेऊ. ठराव झाला. त्या दिवशी सगळ्या आल्या नाहीत. ज्या आल्या, त्यांच्यासाठी तिने चहा केला. दोघींनी उपवास असल्याचे सांगितले, बाकीच्यांनी घेतला. मग कर्जाचे हप्ते मोजले गेले, वही तिच्या पुढ्यात आली, आणि पुढची बैठक कोणाच्या घरी या ओळीवर तिची लेखणी थांबली.