पोलिसांची गोळी आणि कायद्याचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. 30 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबईत पवईच्या एका स्टुडिओत एका माणसाने सतरा मुलांना ओलीस ठेवले. पोलिसांनी मुलांना सुखरूप सोडवले, आणि त्याच कारवाईत गोळी लागून तो माणूस मरण पावला. त्याच्याकडे एअरगन, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रे उडवणारी बंदूक, होती. मुले वाचली याचा आनंद कोणाला होणार नाही? पण गोळी झाडावीच लागली का, असे विचारणारा काही गुन्हेगाराचा कैवारी ठरत नाही.

कायदा पोलिसांचे हात बांधून ठेवत नाही. अटकेला विरोध करणाऱ्यावर आवश्यक तेवढ्या बळाचा वापर करण्याची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक, तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम 43 मध्ये आहे; मात्र ज्याच्यावर फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. ओलिसाच्या किंवा पोलिसाच्या जिवावर बेतले तर खासगी बचावाचा हक्क आहेच, पण तोही धोका असेपर्यंतच. त्यामुळे वेढा पक्का झाला, शेजारपाजारची माणसे हलवली आणि आतल्या कोणाच्या जिवाला तातडीचा धोका दिसत नसला, तर बोलणी लांबवणे हाच शहाणपणा आहे, मग बाहेरची गर्दी आणि कॅमेरे कितीही उतावीळ होवोत.

चकमकीतील मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात 2014 साली सोळा निर्देश दिले. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे द्यावा, शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करावे आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, गोळी झाडणाऱ्यांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी जमा करावीत, असे त्यांत आहे. घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नये, हा निर्देश मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण चौकशीआधीच सत्कार झाला की चौकशीला अर्थ उरत नाही.

पोलिसांच्या गोळीचा हा प्रश्न सोलापूरला परका नाही. 1930 साली इथे गोळीबार झाला, मार्शल लॉ (लष्करी कायदा) पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व किसन सारडा या स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी झाली. ते परक्यांचे राज्य होते, त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती. आज आहे. सर्वोच्च न्यायालयाचे हे निर्देश पाळले गेले नाहीत, तर मृताच्या नातलगांना सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. आपल्याकडे त्यासाठी सोलापूरचे जिल्हा व सत्र न्यायालय आहे.