डायलिसिसच्या मशीनला दोन कॅन का लागतात?

[दृश्य: डायलिसिस युनिट. सकाळची पहिली शिफ्ट सुरू व्हायची आहे.]

पेशंट अजून आलेले नाहीत. टेक्निशियन प्रत्येक मशीनच्या पायाशी दोन पांढरे कॅन ठेवत चाललाय. एकावर 'ए', दुसऱ्यावर 'बी'.

'ए'मध्ये मीठ, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडं ॲसिड. 'बी'मध्ये बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खायच्या सोड्यातलंच, आम्ल मारणारं रसायन. दोन्ही आधीच एकत्र करून ठेवलं तर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकमेकांना धरतात आणि तळाशी पांढरा साका बसतो. म्हणून त्यांची गाठ घालायची ती मशीनच्या आत, आरओच्या पाण्यात, ऐनवेळी.

१९६०च्या दशकात यावर एक सोपी वाट निघाली होती. बायकार्बोनेटऐवजी ॲसिटेट वापरायचं, एकाच कॅनमध्ये काम भागवायचं. ॲसिटेटचं बायकार्बोनेट शरीर आपलं आपण करून घेईल, असा हिशोब. शरीर करायचंही. पण कित्येक पेशंटचं बीपी मशीनवरच घसरायचं, मळमळायचं, डोकं दुखायचं. १९८०च्या दशकात बायकार्बोनेट परत आलं, आणि त्याच्यासोबत दुसरा कॅन.

डायलिसिस म्हणजे रक्त साफ करणं, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. चार तासांत सुमारे १२० लिटर द्रावण फिल्टरमधून, रक्ताच्या शेजारून वाहतं. युरिया आणि पोटॅशियम रक्तातून बाहेर येतं, आणि बायकार्बोनेट उलट्या दिशेनं रक्तात शिरतं. मशीन काढून घेतं, तसं देतंही. मूत्रपिंडाचा धंदा नेमका हाच आहे; फक्त ते चोवीस तास चालतं, आणि कॅन बदलावे लागत नाहीत.

[दृश्य: मूत्रपिंडाचं ॲनिमेशन. कॅमेरा एका नेफ्रॉनच्या आत.]

मुठीएवढा अवयव, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळणी आणि तिला जोडलेली बारीक नळी. दिवसभरात १८० लिटर पाणी रक्तातून गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटर. म्हणजे गाळलेलं जवळजवळ सगळं परत आत घेतलं जातं. सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट सगळं आधी बाहेर टाकायचं आणि मग हवं तेवढं वेचून घ्यायचं. ऐकायला उधळपट्टी वाटते. पण रोज सगळाच माल हातावेगळा होत असल्यामुळे कशाचं किती ठेवायचं, हे दर मिनिटाला नव्यानं ठरवता येतं.

आता आम्लाचं बघू. रक्ताचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.३५ ते ७.४५ या पट्ट्यातच राहावा लागतो. श्वासावाटे जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची जबाबदारी फुप्फुसांची. पण अंडी, मांस, डाळी यांतल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं आणि त्याचं शरीरात सल्फ्युरिक ॲसिड होतं. ते फुंकून टाकता येत नाही. वजनाच्या किलोमागे साधारण एक मिलीमोल (रसायनाचे कण मोजायचं माप), म्हणजे सत्तर किलोच्या माणसात रोज सत्तरेक मिलीमोल आम्ल मूत्रपिंडाच्या वाट्याला येतं. (लिंबू यात नाही. ते जिभेला आंबट लागलं, तरी त्यातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेटच होतं. आणि महागड्या 'अल्कलाइन' पाण्याचं म्हणाल, तर ते पोटातल्या आम्लात पडलं की त्याची अल्कली तिथंच संपते.)

हे सत्तर मिलीमोल नुसते लघवीत सोडून द्यायचे म्हटलं तर जमत नाही. लघवी जास्तीत जास्त आम्लधर्मी केली, तरी तिचा पीएच ४.५च्या खाली जात नाही. तेवढ्या आम्लधर्मी लघवीच्या एका लिटरात मोकळं आम्ल किती मावतं? ०.०३ मिलीमोल. या दरानं एका दिवसाचं आम्ल बाहेर काढायला दोन हजार लिटरपेक्षा जास्त लघवी लागेल.

मग मूत्रपिंड आम्लाला सोबती देतं. काही आम्ल फॉस्फेटला चिकटून निघून जातं. उरलेल्यासाठी नळीच्या पेशी ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल फोडतात. त्यातून अमोनिया मिळतो, तो आम्ल आपल्यावर घेऊन अमोनियमच्या रूपात लघवीत उतरतो. आणि त्याच क्रियेत कोरं, नवं बायकार्बोनेट तयार होऊन रक्तात जातं. म्हणजे खर्च झालेली पुंजी पुन्हा भरून निघते. रक्तात आम्ल वाढलं, तर हे अमोनियाचं उत्पादन काही दिवसांत कितीतरी पट चढतं.

नेफ्रॉन कमी होत गेले की आधी हाच अमोनिया अपुरा पडू लागतो. आम्ल साचतं आणि शरीर ते हाडांकडून मारून घेतं. हाडांतले अल्कली क्षार झिजतात, स्नायू रोडावतात. पेशंटला यातलं फारसं काही जाणवत नाही. रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट २२च्या खाली दिसतं आणि डॉक्टर सोड्याच्या गोळ्या लिहून देतात.

पोटॅशियम मात्र इतका वेळ देत नाही.

[दृश्य: सोमवार. एक पेशंट खुर्चीवर. टेक्निशियन फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिनीत) सुई घालतोय.]

"काका, शनिवार-रविवार काय काय झालं खाण्यात?"

"काही नाही रे. एक शहाळं घेतलं, बस."

टेक्निशियन मान वर करून बघतो. त्याला कारण आहे. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर, रक्त आणि पेशींभोवतीचं पाणी मिळून, असतं साधारण साठ मिलीमोल. मोठ्या ग्लासभर शहाळ्याच्या पाण्यात पंधराच्या आसपास. म्हणजे एका ग्लासात, बाहेरच्या साठ्याचा पाव हिस्सा. निरोगी माणसाचं इन्सुलिन ते तात्पुरतं पेशींत ढकलतं. मग ॲड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सुटतं, आणि नेफ्रॉनच्या शेवटच्या टप्प्यात सोडियम आत घेऊन पोटॅशियम बाहेर सोडलं जातं. काही तासांत विषय संपतो.

काकांकडे हा शेवटचा टप्पा जवळजवळ नाहीच. शुक्रवारी मशीन सुटलं, ते थेट सोमवारी. म्हणून आठवड्यातली ही लांब सुट्टी डायलिसिसवाल्यांसाठी सगळ्यात धोक्याची. रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५ या नेहमीच्या पट्ट्याच्या वर चढत गेलं की ईसीजीतली टी लाट उंच, टोकदार होते. त्याहून चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. अशा वेळी आधी कॅल्शियमचं इंजेक्शन देतात. त्यानं पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदय तग धरतं. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. तेवढ्यात मशीन तयार.

[दृश्य: घरचं स्वयंपाकघर. बटाट्याच्या फोडी भरपूर पाण्यात उकळताहेत. पाणी ओतून दिलं जातं.]

घरी काकू बटाट्याच्या बारीक फोडी करून उकळतात, पाणी फेकतात, मग फोडणीला टाकतात. पोटॅशियम पाण्यात उतरतं, त्यामुळे हा उपाय खरोखर चालतो. चव जाते, याबद्दल काका रोज बोलतात.

ओट्यावर 'लो सोडियम' मिठाचं पाकीट आहे. मुलानं बीपीसाठी म्हणून आणलेलं. पाकीट उलटं केलं की बारीक अक्षरात दिसतं, पोटॅशियम क्लोराइड. मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या बीपीच्या माणसाला हे मीठ चालतं, फायद्याचंही ठरतं. पण क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) चढलेलं असेल, किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. काकांच्या घरी आता साधं मीठच येतं, आणि तेही मोजून.