चार बाजूंवर मावलेला अल्बम

(दृश्य: वेष्टनाचा क्लोजअप. निळसर आभाळ, तिरकी धातूची गिटार.)

ही गिटार 1937 सालची, नॅशनल कंपनीची. अंगानं धातूची, पण पोटात तबल्यासारखा घुमारा. रॉक ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला या चित्राखालचं नाव वाचावं लागत नाही. डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा पाचवा अल्बम, ‘ब्रदर्स इन आर्म्स’. मे 1985.

त्या वेळी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात नवी होती आणि महागही. सीडी प्लेअर घ्यावा की न घ्यावा या विचारात अडकलेल्या हजारो लोकांना दुकानदार हाच अल्बम लावून दाखवायचे. एकट्या सीडीवर दहा लाख प्रती खपलेला हा पहिला अल्बम. ज्या फिलिप्सनं सोनीच्या बरोबरीनं सीडी घडवली, तीच फिलिप्स बँडच्या जगभरच्या दौऱ्याची प्रायोजक होती.

म्हणजे ज्या अल्बमनं विनाइलच्या तबकडीला घरातून बाहेर काढायला हातभार लावला, तोच आज जाडजूड, महागड्या तबकड्यांवर परत आलाय. दोन तबकड्या, चार बाजू, मिनिटाला 45 फेऱ्या. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत माइल्स शोवेल या इंजिनिअरनं त्याचं हाफ-स्पीड कटिंग केलं, म्हणजे निम्म्या वेगानं खाच कोरली. मग प्रश्न येतोच. मूळ नोंदणी डिजिटल, ती पुन्हा खाचेत उतरवून काय साधतं?

साधतं. आणि का साधतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

(दृश्य: कॅरिबियन समुद्र, हिरवी टेकडी.)

माँटसेराट. जेमतेम शंभर चौरस किलोमीटरचं बेट. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी 1979 मध्ये इथं एअर स्टुडिओ उघडला. 1984 च्या अखेरीस डायर स्ट्रेट्सचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर बँड घेऊन इथं आला. निर्मितीत आणि ध्वनिमुद्रणात त्याच्या जोडीला नील डॉर्फ्समन. टेपयंत्र सोनीचं, 24 ट्रॅकचं, 16 बिट डिजिटल. पुढचं काम न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत झालं.

‘मनी फॉर नथिंग’चा तो खरखरीत, नाकातून बोलल्यासारखा गिटारचा आवाज इथलाच. नॉफ्लर कंट्रोल रूममध्ये बसून वाजवत होता, ॲम्प्लिफायर आतल्या दालनात होता. स्पीकरसमोर माइक मांडायचं काम अजून चालूच होतं. तेवढ्यात कंट्रोल रूममध्ये काहीतरी अफलातून ऐकू यायला लागलं. आत जाऊन पाहिलं तर एक माइक जमिनीकडे तोंड करून, दुसरा स्पीकरपासून जरा भलतीकडेच. डॉर्फ्समननं काही हलवलं नाही, आहे तसंच रेकॉर्ड केलं. मला या अल्बममधली ही सर्वांत मोलाची घटना वाटते. त्या क्षणी महत्त्वाचा होता तो कान, आणि हात आवरता घेण्याची समज. टेपवर चुंबकीय लाट उतरत होती की शून्य-एक, याला तिथं काहीच किंमत नव्हती.

त्याच गाण्यात ‘आय वाँट माय एमटीव्ही’ म्हणणारा आवाज ‘द पोलीस’ बँडच्या स्टिंगचा. तो सुट्टीसाठी त्याच बेटावर आला होता. 1989 मध्ये ह्यूगो चक्रीवादळानं स्टुडिओची वाताहत केली, पुढे 1995 पासून ज्वालामुखीनं बेटाचा दक्षिण भाग राखेखाली घातला. तिथं पुन्हा रेकॉर्डिंग होणं नाही.

(दृश्य: जुनी एलपी आणि सीडी शेजारी शेजारी. मागच्या बाजूवरचे गाण्यांचे मिनिट-सेकंद.)

आता जरा हे आकडे बघा. सीडीवर ‘व्हाय वरी’ साडेआठ मिनिटांचं आहे. 1985 च्या एलपीवर साडेपाच. तीन मिनिटं गेली, आणि ती नेमकी शेवटच्या वाद्यसंगीतातली, जिथं गाणं शब्द सोडून नुसतं तरंगत राहतं. ‘युवर लेटेस्ट ट्रिक’ साडेसहावरून पावणेपाचवर. ‘मनी फॉर नथिंग’मधून सव्वा मिनिटाहून जास्त कमी. ‘सो फार अवे’लाही कात्री. सीडी सुमारे 55 मिनिटांची, एलपी 48 च्या आत. पूर्ण अल्बम एका तबकडीवर मावतच नव्हता.

बरं, एवढं कापूनही पहिली बाजू पंचवीस मिनिटांची झाली. 33⅓ फेऱ्यांच्या एलपीवर वीस मिनिटांपर्यंत कटिंग इंजिनिअर निवांत असतो, त्यापुढे त्याला काटकसर करावी लागते. बेसचा स्वर कोरताना सुई डावी-उजवीकडे जास्त फिरते आणि खाच रुंद होते. वेळ जास्त असेल तर खाचा एकमेकींना खेटून बसवाव्या लागतात. मग एक तर लेव्हल खाली आणायची, नाही तर बेस आवरायचा. लेव्हल उतरली की तबकडीची मूळची खरखर त्या मानानं वर येते.

दुसरी अडचण वेगाची. तबकडी एका लयीत फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला 51 सेंटिमीटर खाच जाते, तर लेबलजवळ जेमतेम 21. म्हणजे 10,000 हर्ट्झची एक लाट बाहेर 51 मायक्रॉन लांब, आत 21 मायक्रॉन. सुईचं टोकसुद्धा साधारण त्याच मापातलं. एवढ्या दाटीत ती प्रत्येक वळण नीट घेऊ शकत नाही. म्हणून झांजा फाटतात, गाणाऱ्याचा ‘स’ थुंकल्यासारखा येतो. जुन्या एलपीवर या आतल्या कडेला कोणती गाणी होती? पहिल्या बाजूला ‘व्हाय वरी’, दुसऱ्या बाजूला शीर्षकगीत. अल्बममधली सर्वांत हळवी दोन गाणी सर्वांत वाईट जागेवर.

(दृश्य: कटिंग लेथ, म्हणजे खाच कोरणारं यंत्र. लॅकरचा लेप असलेल्या काळ्या चकतीवरून निघणारा बारीक धागा.)

45 फेऱ्यांवर हाच हिशेब बदलतो. बाहेर सेकंदाला 69 सेंटिमीटर, आत 28. 55 मिनिटं चार बाजूंत विभागली की एका वाट्याला सरासरी चौदा मिनिटं येतात. खाचेला ऐसपैस जागा मिळते.

शोवेल त्यात आणखी एक पायरी घालतो. ॲबी रोडच्या नॉयमन लेथवर चकती निम्म्या वेगानं फिरते, 22½, आणि गाणंही निम्म्या वेगानं वाजतं. 12,000 हर्ट्झचा स्वर कोरणाऱ्या हेडला 6,000 चाच वाटतो. तिखट स्वर कोरताना हेडच्या वेटोळ्यांवर जो ताण येतो, तो उतरतो. चौदा मिनिटांची बाजू कोरायला अठ्ठावीस मिनिटं लागतात, एवढीच त्याची किंमत. आणि हो, शोवेल या कामासाठी डिजिटल फाइलच वापरतो, तेही उघडपणे.

2022 मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या, निखळ ॲनालॉग मानल्या जाणाऱ्या अनेक तबकड्यांच्या प्रक्रियेत मधे डिजिटल टप्पा असतो, हे बाहेर आलं तेव्हा संग्राहक हादरले. त्यांचा राग रास्तच होता. पैसे मोजणाऱ्याला खरं सांगायलाच हवं. पण ‘ब्रदर्स इन आर्म्स’ मुळातच डिजिटल आहे. इथं शुद्धतेचा वाद घालायला जागाच नाही. उरतं ते कारागिराचं काम. 180 ग्रॅम वजनाचंही तसंच. जाड तबकडी हाताला छान लागते, सहसा सपाट राहते, पण वजनामुळे खाचेतलं संगीत सुधारत नाही.

(दृश्य: सुई खाचेवर टेकते.)

मग ऐकताना काय शोधायचं? ‘मनी फॉर नथिंग’च्या सुरुवातीला टेरी विल्यम्सचे ड्रम चढत जातात. अल्बममधले बाकी बहुतेक ड्रम ओमर हकीमचे आहेत, पण हा चढ विल्यम्सचा. तो कळसाला पोचून गिटारचा पहिला फटका पडतो, तिथं जुन्या प्रतीत आवाज आखडल्यासारखा वाटतो, इथं तो मोकळा होतो. ‘युवर लेटेस्ट ट्रिक’मध्ये मायकेल ब्रेकरचा सॅक्सोफोन. श्वास संपत आल्यावर स्वराला येणारा हलका कंप ऐका. आणि ‘व्हाय वरी’ची परत आलेली तीन मिनिटं, एकट्या त्यांच्यासाठीसुद्धा मी हा संच घ्यायला सांगेन.

चौथ्या बाजूच्या शेवटी शीर्षकगीत येतं. आजही लेबलजवळच, कारण क्रम बदलणं कुणालाच पटणार नाही. नॉफ्लर ते जवळजवळ कुजबुजत गातो, त्यामुळे प्रत्येक ‘स’ कानाशी येतो. ज्यांच्याकडे 1985 ची प्रत आहे, त्यांनी आधी तिच्यावर हे गाणं ऐकावं, मग 45 वर. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, तेच ठेवा, आवाजाची पातळी कानानं जुळवून घ्या. आणि जुनी प्रत मोडीत काढू नका. त्या कापलेल्या आवृत्त्याही लोकांनी वर्षानुवर्षं पाठ केल्या आहेत, आणि नव्या संचात त्या नाहीत.