लाव्याच्या पायाखालची ओल

मंडळी, विषय तसा छोटाच. दीडशे ग्रॅमचा पक्षी आणि त्याचा तळपाय. हौसेने पाळलेले जपानी लावे, बाजारात ज्यांना बटेर म्हणतात, त्यांच्याबद्दल बोलतोय. रानातले लावे पकडून आणू नका, तो 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

पाऊस लागला की तक्रारी ठरलेल्या. लावा लंगडतोय, एक पाय पोटाशी धरून उभा राहतोय, तळव्याला काळा खडा आलाय. मग मोबाइलवर कोणीतरी असाच खडा ब्लेडने काढताना दिसतो आणि आपले हात शिवशिवायला लागतात. मला आज मुख्यतः त्या हातांना थांबवायचं आहे.

या दुखण्याला डॉक्टर बम्बलफूट म्हणतात. तळव्याची कातडी खरवडते आणि तिथून जंतू शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. माणसाला गळू झालं की ते पिकतं, फुटतं, पू वाहून जातो. पक्ष्याचा पू वाहत नाही. तो पातळ करायला लागणारी द्रव्यं त्याच्या पेशींत पुरेशी नसतात, त्यामुळे पू खरवसाच्या वडीसारखा घट्ट होऊन बसतो. दाबून निघत नाही. जोर लावलात तर आत, कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांच्या, बाजूला सरकतो. आणि कापायचं म्हणाल, तर पक्ष्याच्या अंगात रक्त असतं वजनाच्या जेमतेम 10 टक्के. म्हणजे आपल्या लाव्यात 15 मिली, तीन चमचे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर रक्त सुरू झालं, तर तुम्ही ते कशाने थांबवणार?

आधी नीट बघा. पक्षी पंच्यात गुंडाळा, पंख मिटलेले ठेवा, छाती आवळू नका; छाती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही. बॅटरीच्या उजेडात तळवा बघा. गादी नुसती लाल आणि चकचकीत आहे, की सुजून मध्ये काळी खपली धरली आहे? पुष्कळदा यातलं काहीच नसतं. बोटांच्या टोकांना विष्ठा आणि तूस चिकटून, वाळून, दगडासारखे गोळे झालेले असतात. ते ओढू नका, नख मुळासकट हातात येतं. कोमट पाण्यात भिजवून चिमटीने थोडे थोडे चुरा. दुसरी गोष्ट आपल्या कोकण किनाऱ्यावरची. पिंजऱ्यावर जुनं मासेमारीचं जाळं टाकायची आपल्याला सवय. त्याचा नायलॉनचा एखादा धागा सुटतो आणि बोटाला फास बसतो. बोट फुगतं, मग काळं पडतं. धागा इतका बारीक की भिंगाशिवाय दिसायचा नाही. अशा बोटाला मलम लावत बसलात, तर बोट जाईल.

आता खरंच तळव्याला सूज आहे आणि पक्षी खातोपितो आहे, असं धरू. मग घरचा उपचार करून बघायला हरकत नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. तेच आपण माडालाही घालतो, पण खताच्या दुकानातलं नको, औषधाच्या दुकानातलं आणा. पाण्यात कोपर बुडवून बघा, चटका बसता कामा नये. पाय बुडतील इतकंच पाणी, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. ते पाणी त्याला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. मग पाय पूर्ण कोरडा करा. बोटांच्या बेचक्यातसुद्धा. त्यावर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईल इतकं पातळ करून. खपली मऊ पडून आपण होऊन सुटली तर सुटू द्या, नखाने उचकटू नका. जखम उघडी असेल तर गॉजची छोटी घडी आणि सैल पट्टी, रोज बदललेली. बोटं गार किंवा निळसर झाली तर पट्टी आवळली आहे असं समजा.

काही गोष्टी हात जोडून सांगतो. खाजेसाठी दुकानातून सर्रास आणतो ती ट्यूब लावू नका. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं आणि पक्ष्यांना ते कातडीवरूनही बाधतं. बधिर करणारी मलमं नकोत. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज नको, भरत आलेलं मांसही ते जाळतं. आणि हळद? मला ठाऊक होतं कोणीतरी विचारणारच. डब्यातली हळद उघड्या जखमेत दाबून भरली की तिचा थर बसतो आणि आत काय चाललंय ते दिसतच नाही. मी भरत नाही.

पण हे सगळं करून पक्षी परत त्याच पिंजऱ्यात सोडलात, तर सगळी मेहनत वाया. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तारेच्या तळावर तळवा कापतो, जांभ्याच्या फरशीवर खरवडतो, आणि सारवलेली जमीन जुलैत कधी सुकतच नाही. पेंढ्याला बुरशी धरते. किनाऱ्यावरची वाळू आणाल तर तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. मला पटलेलं असं: तळाला सपाट फळी, त्यावर दोन-तीन बोटं कोरडं तूस, पाण्याच्या भांड्याभोवतीचं रोज बदललेलं. आजारी पक्ष्याला खोक्यात वेगळा ठेवा, खाली जुन्या सुती साडीची घडी. टर्किश टॉवेलच्या फाशांत नखं अडकतात.

खाण्याकडेही बघा. नुसत्या कणीवर लावा जगतो, पण कणीत अ जीवनसत्त्व नाही आणि ते कमी पडलं की तळव्याची कातडी कमकुवत होते. बटेरचं तयार खाद्य द्या, वर शेवग्याचा पाला बारीक चिरून किंवा किसलेला लाल भोपळा. पक्षी लठ्ठ असेल तर सगळा भार त्याच दोन तळव्यांवर.

सूज सांध्याच्या वर चढली, पाय गरम लागला, बोट काळं पडलं, पक्षी खाईनासा झाला किंवा आठवडाभरात काहीच फरक दिसला नाही, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथे अँटिबायोटिक दिलं, तर किती दिवस अंडी खायची नाहीत ते विचारूनच घरी या. कोंबडीच्या उरलेल्या औषधातलं अंदाजाने पाजू नका. आणि पाय धुणाऱ्याने हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात. हाताला कोयता लागलेला असेल, तर हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.