वेस्ट हेवनच्या कोविड निधीचं काय झालं?

हे वेस्ट हेवन. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं, लाँग आयलंड साउंडच्या काठावरचं साधारण ५५ हजार वस्तीचं शहर. येल विद्यापीठ आहे ते शेजारच्या न्यू हेवनमध्ये, पण युनिव्हर्सिटी ऑफ न्यू हेवन मात्र नावात न्यू हेवन असूनही इथे वेस्ट हेवनमध्येच आहे, आणि तिथे मास्टर्स करायला भारतातून बरीच मुलं जातात, त्यामुळे तुमच्यातल्या काहींनी हे रस्ते बघितलेही असतील. कामगार वस्तीचं, मध्यमवर्गीय गाव. आणि तिजोरी बऱ्याच वर्षांपासून तंगीत. इतकी की महामारी यायच्या आधीच राज्य सरकारनं शहराचे हिशेब एका बोर्डाच्या देखरेखीखाली घेतले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते देखरेख चालू असताना झालं.

२७ मार्च २०२०. वॉशिंग्टनमध्ये केअर्स कायद्यावर, म्हणजे महामारीतल्या मदतीच्या कायद्यावर, सही होते. त्यात राज्यं आणि स्थानिक सरकारांसाठी १५० अब्ज डॉलरचा कोरोनाव्हायरस रिलीफ फंड असतो. पैसे केंद्राचे, त्यामुळे अटीही केंद्राच्या, आणि त्या तशा काही अवघड नव्हत्या. खर्च महामारीमुळेच करावा लागलेला हवा, २७ मार्चपर्यंत मंजूर झालेल्या बजेटमध्ये तो आधीच धरलेला नको, आणि ठरलेल्या मुदतीत झालेला हवा. झालं. या तीन गोष्टी दाखवता आल्या की खर्च मान्य, आणि दाखवता आल्या नाहीत तर तो पैसा परत मागितला जाऊ शकतो.

आता दाखवायचं म्हणजे कागदावर दाखवायचं. बिल, वस्तू किंवा काम खरंच मिळालं याची सही, कुणी मागणी केली, कुणी मंजूर केली. आपल्या महापालिकेत काम केलेल्या कुणालाही विचारा, बिल पास करणारा आणि काम करून घेणारा हे वेगळे लागतात. का ते वेगळं सांगायला नको.

वेस्ट हेवनमध्ये इथेच भोक होतं.

मायकेल डिमासा हा सिटी कौन्सिलचा प्रशासकीय सहायक होता. म्हणजे शहराचा पगारी कर्मचारी. आणि त्याच वेळी तो राज्याच्या विधानसभेत निवडून गेलेला प्रतिनिधीही होता. कोविडचा खर्च म्हणून काय धरायचं आणि त्याचे पैसे कसे द्यायचे, हे मंजूर करायचा अधिकार त्याच्याकडे होता. जानेवारी २०२१ मध्ये त्यानं शहराच्याच दुसऱ्या एका कर्मचाऱ्याबरोबर कंपास इन्व्हेस्टमेंट ग्रुप नावाची कंपनी काढली, आणि पुढच्याच महिन्यापासून ही कंपनी शहराला बिलं पाठवायला लागली. कशाची? तर शहराच्या आरोग्य विभागाला कोविडसंबंधी सल्ला दिल्याची. फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२१ या काळात शहरानं या एका कंपनीला ६ लाख ३६ हजार ७८३ डॉलर दिले. सल्ला कुणी दिलाच नव्हता.

इथे जरा थांबूया. आरोग्य विभाग काही दुसऱ्या देशात नाही, त्याच शहराचा विभाग आहे. एक फोन करायचा होता, की बाबा हे कन्सल्टिंगवाले तुमच्याकडे येतात का, काय काम करतात. मंजुरीच्या साखळीत हा एक प्रश्न विचारणं ज्याचं काम आहे असा माणूस असता तर पहिल्याच बिलाला हे उघडं पडलं असतं. आठ महिने बिलं येत राहिली आणि चेक निघत राहिले.

कंपास एकटी नव्हती. पीपीई किट, शाळांच्या इमारतींची साफसफाई असली कामं दाखवून आणखी दोन कंपन्यांना ४ लाख ३१ हजार ९८२ डॉलर गेले. तरुणांमधली हिंसा रोखायच्या कार्यक्रमाच्या आणि साफसफाईच्या सामानाच्या नावावर आणखी साधारण १ लाख ४७ हजार. कोविडचा निधी आणि शहराचे इतर पैसे असं सगळं मिळून १२ लाख डॉलरच्या वर, त्या वेळच्या भावानं जवळपास ९ कोटी रुपये. कंपासच्या खात्यातून डिमासा मोठ्या रकमा रोख काढत होता, आणि त्यातल्या काही रकमा काढण्याच्या आगेमागेच मोहेगन सन कसिनोत त्यानं रोख देऊन जुगाराच्या चिप्स घेतल्याची नोंद आहे. लोक घरात अडकलेले, कित्येकांच्या नोकऱ्या गेलेल्या, आणि त्यांच्यासाठी आलेला पैसा जुगाराच्या टेबलावर. याचा राग आलाच पाहिजे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला अटक झाली, विधानसभेचा राजीनामा दिला, पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये गुन्हा कबूल केला आणि २०२३ मध्ये २७ महिन्यांची शिक्षा झाली. बातम्या बहुतेक इथेच संपल्या.

पण मला यातला ऑडिटचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण सगळ्यात पहिला प्रश्न लोक हाच विचारतात, की दरवर्षी ऑडिट होत नव्हतं का?

होत होतं ना. अमेरिकेत १९८४ पासून सिंगल ऑडिटचा कायदा आहे. जे शहर एका वर्षात केंद्राचे ठरावीक मर्यादेच्या वर पैसे खर्च करतं, त्याला बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यावीच लागते. ही मर्यादा तेव्हा साडेसात लाख डॉलर होती, आता १० लाख आहे. पण तारखा बघा. शहराचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं आणि रिपोर्ट द्यायला नेहमीच्या नियमानं नऊ महिने मिळतात. म्हणजे फेब्रुवारी २०२१ मध्ये निघालेल्या चेकवर ऑडिटरचं म्हणणं यायला मार्च २०२२ उजाडणार, आणि जुलैनंतर निघालेल्या चेकवर तर मार्च २०२३. त्यातही ऑडिटर सगळी व्हाउचरं बघत नाही, निवडक बघतो. आणि ते देखरेख करणारं बोर्ड? ते बजेट बघत होतं, तूट बघत होतं, करवसुली बघत होतं. एकेक बिल उघडून बघणं हे त्याचं कामच नव्हतं.

म्हणून अटकेनंतर राज्यानं वेगळं ऑडिट लावलं, फॉरेन्सिक, म्हणजे गैरव्यवहार शोधायला केलेली खोल तपासणी. कोनरेझनिक या फर्मनं शहरानं केअर्सच्या पैशातून केलेला साधारण ११ लाख डॉलरचा खर्च तपासला, आणि २०२२ मध्ये रिपोर्ट आला की त्यातला जवळपास ८० टक्के खर्च नियमात बसत नाही.

हा ८० टक्क्यांचा आकडा नीट समजून घ्या, कारण सोशल मीडियावर याचं लगेच ८० टक्के चोरी होतं. तसं नाही. डिमासाशी संबंधित बिलं त्यात होतीच, पण काही खर्च असेही होते की जिथे खिशात कुणी काही घातलं नाही, फक्त हा खर्च महामारीमुळेच झाला हे शहराला दाखवता येईना. कागद नाही किंवा जो आहे तो पुरेसा नाही. अनुदानाच्या नियमात दोघांचा निकाल एकच, खर्च अमान्य. आणि मला वाटतं हे बरोबरच आहे, कारण जिथे प्रामाणिक खर्चाचाही कागद कुणी ठेवत नाही तिथे खोटं बिल वेगळं दिसतच नाही, ते त्याच ढिगात जाऊन पडतं.

ऑडिट रिपोर्ट वाचायला कंटाळवाणा असतो हे खरंय. नियम काय होता, प्रत्यक्षात काय झालं, कारण काय, परिणाम काय, सुधारणा काय करा. खाली शहराचं उत्तर. पण त्यात एक वाक्य शोधायची सवय लावून घ्या, हा आक्षेप मागच्या वर्षीही होता का. तेच ते परत आलेलं असेल तर समजायचं की मागच्या वर्षी दिलेलं आश्वासन फाइलमध्येच राहिलं. हे रिपोर्ट लपवलेले नसतात, केंद्राच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. आपल्याकडचे कॅगचे रिपोर्टही तसेच उघडे आहेत आणि तेही फार थोडे लोक उघडतात.

वेस्ट हेवनची किंमत तिथल्या साध्या लोकांनी मोजली. मे २०२२ मध्ये राज्यानं शहराला देखरेखीच्या चौथ्या पायरीवर टाकलं, सगळ्यात कडक. शहरानं निवडून दिलेल्या कौन्सिलनं बजेट बनवलं तरी त्याला बोर्डाची मान्यता लागणार, कर्मचाऱ्यांशी पगाराचा करार करायचा तरी बोर्डाला विचारायचं. आणि त्याच वेळी अमेरिकन रेस्क्यू प्लॅन या केअर्सनंतरच्या मदत कायद्याखाली केंद्राकडून या कोविड फंडापेक्षा कितीतरी मोठी रक्कम शहराच्या वाट्याला आलेली होती, जी खर्च करायची होती त्याच ऑफिसांमधून.