तूप बंद केलं, मग ताटात काय आलं?

नमस्कार मंडळी, नागपूरहून. हा डबा बघा, थोडा जवळ धरते. आमच्या आईचा आहे, स्टीलचा, झाकणाला एक पोचा आलेला. यात आधी घरचं, सायीचं कढवलेलं तूप राहायचं. दोन वर्षांआधी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी पाठवलं की तूप म्हणजे हार्टचा शत्रू, तर तिने त्याच दिवशी तूप बंद केलं, डबा घासला आणि त्यात मारी बिस्किटं भरली, कारण मारी हलकं असते, आजारी माणसालाही देतात. सकाळी चहासोबत चार, संध्याकाळी चार. मग एका व्हिडिओत ऐकलं की तूप तर अमृत आहे, खरं विष भात आहे. मग भात बंद. मग कोणी म्हणालं संत्र्यात साखर असते, तर नागपुरात राहून ऐन सीझनमध्ये संत्रं बंद. आणि एक दिवस ताटावर बसून मला म्हणते, "मंग मी खाऊ तरी काय वं?"

तिच्या आवाजात भीती होती. मला ते फार लागलं. जेवायला बसलेल्या माणसाला ताटाची भीती वाटावी, हे बरोबर नाही ना जी.

तेव्हापासून मी हे सगळं बसून वाचायला लागली, आणि मला एक प्रश्न असा सापडला की त्यानं अर्धा गोंधळ सुटतो. कोणी म्हणालं अमुक खाऊ नका, की विचारायचं, बरं, त्याच्या बदल्यात काय खाऊ?

तुपाचंच घ्या. तुपात सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे थंडीत गोठणारी फॅट, भरपूर असते आणि त्यानं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढते, हे खरं आहे. आता सॅच्युरेटेड फॅट कमी करून त्या जागी सोयाबीन, सूर्यफूल, जवस असली तेलं आली तर हार्टचा धोका कमी होतो, पण त्याच जागी मैदा आणि साखर आली तर फायदा जवळपास दिसतच नाही. म्हणजे एक बातमी येते "फॅट कमी करा, हार्ट वाचवा", दुसरी येते "फॅट कमी करून काही फरक नाही", आणि आपल्याला वाटते हे सायंटिस्ट लोक रोज शब्द फिरवून राहिले. तसं नाही, दोघांनी बदल्यात वेगळी वस्तू मोजली असते.

आता हे बिस्किटाचं पाकीट उलटं करते. मागे बारीक अक्षरात घटक लिहिले आहेत, आणि आपल्याकडे नियम आहे की जे वजनानं सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी लिहायचं. तर पहिलं काय, मैदा. दुसरं साखर. तिसरं पाम तेल. पाम तेलातली जवळपास अर्धी फॅट सॅच्युरेटेडच असते! म्हणजे माझ्या आईने ज्या भीतीनं तूप सोडलं तीच वस्तू या डब्यातून परत आली, वरून मैदा आणि साखर घेऊन. दोन वर्षं आम्हाला कोणालाच हे दिसलं नाही.

कॅन्सरच्या बातम्यांचंही सांगते, कारण त्यानं लोकं जास्त घाबरतात. २०१३ साली दोन संशोधकांनी स्वयंपाकाच्या पुस्तकातून ५० जिन्नस निवडले आणि शोधलं की यातल्या कशाकशाचा कॅन्सरशी संबंध कोणी तपासला आहे. ४० जिन्नसांवर पेपर निघाले, आणि एकाच जिन्नसाबद्दल कोणी म्हणे धोका वाढतो, कोणी म्हणे कमी होतो. म्हणून एका अभ्यासावरून ताट बदलायचं नाही, बाप्पा. २०१५ ला डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं प्रोसेस्ड मीट तंबाखूच्याच गटात टाकलं, तेव्हा आमच्या काकांनी घाबरून सावजी मटणच सोडलं होतं. पण तो गट सांगतो पुरावा किती पक्का आहे ते, धोका किती मोठा ते नाही, आणि प्रोसेस्ड म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन. ताजं मटण त्याच्या खालच्या गटात आहे, तेही थोडं आणि कधीमधीच बरं, पण सिगरेटच्या बरोबरीचं नक्कीच नाही.

आणि पैसा कोणाचा हेही बघा. १९६७ साली अमेरिकेत एक मोठा लेख छापून आला होता, हार्टच्या आजारात साखरेचा दोष कमी दाखवणारा आणि फॅटवर बोट ठेवणारा. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेनं पैसे दिले होते, हे बाहेर आलं २०१६ ला. मला याचा खरंच राग येतो.

मग आईच्या ताटात आम्ही काय केलं? हैदराबादच्या एनआयएनने, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेनं, २०२४ ला भारतीयांसाठी सल्ला काढला, त्यात अर्धं ताट भाज्या-फळांचं आहे. तिचा भात पूर्ण बंद नाही केला, कमी केला, आणि बदल्यात वरण घट्ट केलं, पालेभाजी वाढवली, एका वेळेला ज्वारीची भाकर. संत्रं परत आलं, पण सोलून, फोडी खायच्या, कारण ग्लासभर ज्यूसमध्ये तीन-चार संत्र्यांची साखर येते आणि चोथा गाळणीत राहते. तिला शुगर आहे म्हणून हे आम्ही डॉक्टरांना विचारून केलं, आणि तुमच्या घरी किडनीचा त्रास असेल तर संत्रं, डाळ किती हे डॉक्टरच ठरवतील, माझा व्हिडिओ नाही.

आणि जवस! मॉलमध्ये फ्लॅक्ससीड म्हणून छोट्या पाकिटात विकतात ते आपलंच जवस आहे, आमच्या इतवारी बाजारात किराण्यात मिळते. मंद आचेवर भाजायचं, तडतड उडायला लागलं की गॅस बंद, गार झालं की लसूण, तिखट, मीठ टाकून कुटायचं. अख्खं गिळू नका, ते तसंच बाहेर पडते, त्यातलं ओमेगा-थ्री, म्हणजे चांगली फॅट, अंगी लागत नाही. थोडंथोडंच करा, कुटलेलं लवकर खवट होते.

या डब्यात आता तीच चटणी आहे. तूप छोट्या वाटीत असते, गरम वरण-भातावर एक चमचा, आणि आई तो न घाबरता वाढून घेते. तुमच्या घरी सध्या काय बंद आहे ते खाली लिहा, आणि ते बंद करून बदल्यात काय सुरू झालं तेही नक्की लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यातलेच डबे उघडू.